पोरांचं पाणी

"पोरांनी पिलं का रं ते पाणी?" सारजाबाईंनी वालाच्या शेंगा सोलता सोलता विचारलं, आणि कोंडाजीने ओठाला लावलेली चहाची बशी तशीच खाली ठेवली.

"कुठलं पाणी, आये?"

"त्या चार बाटल्यांमधलं. पोरांच्या म्हणून फ्रीजमंदी ठिवल्या व्हत्यास न्हाई का. पंधरा दिस झालं, तू कायबी बोलला न्हाईस. लई घाण व्हतं बाबा. एका बाटलीतल्याला तर गुरांनी बी तोंड लावलं नसतं. आदी फडक्यातनं गाळलं, तुरटी फिरवली, मग खळाखळा उकळलं. येकाचं दुसऱ्याला नगं म्हणून चारी निरनिराळं तापवलं, बाटल्या बी कढत पाण्यानं धुतल्या अन् ज्याचं त्याच्यात भरून ठिवलं. तू साखरपुड्याला माण गावाला गेलतास तवा."

एवढं सांगून म्हातारी पुढच्या शेंगेकडे वळली. तिच्या लेखी विषय संपला होता. कोंडाजीला ओरडायचं होतं, पण ब्याऐंशी वर्षांच्या बाईवर नेमकं काय म्हणून ओरडायचं ते ठरेना. पाणी उकळलंस म्हणून? "अगं, ते प्यायला नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "तपासायला होतं. नदीचं होतं." सारजाबाईंनी मान वर केली. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही, उलट पोरगा सत्तावन्न वर्षांचा झाला तरी अडाणीच राहिला असं काहीसं. "तपासायचं काय त्यात? मला इचारायचं. मी सांगितलं असतं घाण हाय म्हणून."

पौडची एसटी सव्वानऊची. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन अकराला सुरू होणार होतं, आणि कोंडाजीच्या पिशवीत शाळेचं सामान होतं: टेबलावर घालायचा हिरवा कपडा, टाचण्या, आणि पेपरात गुंडाळलेल्या तपासणीच्या चार छोट्या काचेच्या बाटल्या, ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं होतं. बाटल्या तशा साध्या असतात. तळाशी औषध लावलेला कागद असतो. पाणी रेघेपर्यंत भरायचं, बूच लावायचं, उबेला ठेवायचं. पाण्यात माणसाच्या घाणीतले जंतू असले तर दोन दिवसांत आतलं पाणी काळंकुट्ट होतं, नसले तर होत नाही. दोन आठवड्यांमागच्या बुधवारी नववीच्या वर्गाने श्वास रोखून पाहिलं तेव्हा चारातली एकही काळी झाली नव्हती. विज्ञानाच्या निषाद सरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. "पास! आपली नदी पास!" आणि चाळीस पोरांनी बाकं बडवली होती. प्रयोगशाळेचा परिचर म्हणून कोंडाजी मागे कपाटाजवळ उभा होता. त्याला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. नमुने घेताना त्यानेच पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, त्याच्याच पायाच्या नखांत तो हिरवट चिखल दोन दिवस राहिला होता, आणि दुसऱ्या जागेवर, बंगल्यांच्या रांगेखाली, नववीतल्या सायलीने नाकाला ओढणी लावून "मामा, इथे संडासचा वास येतोय" म्हटलं होतं. असं पाणी पास कसं होतं? पण बाटली खोटं बोलत नाही, हे त्यानेच एकतीस वर्षं पोरांना सांगितलं होतं. निषाद सर सूत्र फळ्यावर लिहीत, पण नळीतला रंग बदलेपर्यंत धीर धरायला पोरांना शिकवायचा तो कोंडाजीच. म्हणून तो गप्प बसला. आता एसटीच्या खिडकीशी बसून त्याला त्या गप्प बसण्याचाच राग येत होता. म्हातारीला निदान कोणी विचारलं नव्हतं. त्याला तर नाकाने सांगितलं होतं.

रस्त्याच्या डाव्या अंगाला बंगले मागे पडत होते. 'सरिता', 'निवांत', आणि एकाचं नाव इंग्रजीत, ज्याचा अर्थ नदीचा देखावा असा होता. शनिवार-रविवारचे लोक. देखावा पुढून, सांडपाण्याचा पाइप मागून. कोंडाजीच्या डोक्यात एक वही होती, शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरसारखीच. रजिस्टरात खुर्च्या, बीकर, स्पिरिटचे दिवे यांच्यापुढे तो दर मार्चला शेरा लिही: चालू स्थितीत, दुरुस्तीयोग्य, नाहीतर निर्लेखित, म्हणजे मोडीत. डोक्यातल्या वहीत माणसं होती आणि शेरे तेच. बंगलेवाल्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांनी प्रकल्पाच्या पोरांना टी-शर्ट दिले आणि अहवालाच्या आभारात पहिलं नाव मिळवलं, त्यांच्यापुढे निर्लेखित. हेडसर, ज्यांनी विज्ञानाच्या अनुदानातून आलेला फ्रीज स्वतःच्या कचेरीत नेऊन पाहुण्यांच्या पाण्याच्या बाटल्या त्यात मांडल्या, त्यांच्यापुढेही निर्लेखित, लाल शाईत. रजिस्टरात मात्र आजही लिहिलेलं आहे: फ्रीज, नग एक, प्रयोगशाळा. दर वर्षी कोंडाजी ते वाचतो, बरोबरची खूण करतो आणि स्वतःची बारकी सही करतो. नमुने घेतले त्या शनिवारी तो फ्रीज जागेवर असता तर नमुने तिथे राहिले असते. कचेरीला कुलूप होतं, किल्ली हेडसरांबरोबर पुण्याला गेली होती, आणि नमुना थंड ठेवायचा म्हणून सायलीने निळ्या शाईत एक-दोन-तीन-चार लिहिलेल्या बाटल्या कोंडाजीने घरी आणल्या. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. घरात म्हातारी एकटी. बाटल्या ठेवताना तो म्हणाला होता, "आये, ह्या शाळेतल्या पोरांच्या हायेत, सांभाळ." आणि तिने सांभाळल्या होत्या.

निर्लेखितांच्या यादीत स्वतःचं नाव कुठे घालायचं याचा तो विचार करत राहिला, तोवर गाडी एका खड्ड्यात आदळली आणि पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर खणकल्या. त्या आवाजाने उगाच त्याला बैलगाडी आठवली. ह्याच रस्त्यावरची, तेव्हा रस्ता मातीचा होता. तो नऊ वर्षांचा, गाडीच्या मागच्या फळीवर, हातात कंदील, भर दुपारी, कारण परत यायला उशीर होईल म्हणून आजोबांनी दिलेला. गाडीत घोंगडीवर भिकू. सहा वर्षांचा धाकटा भाऊ, दोन दिवस जुलाब लागून इतका हलका झालेला की गाडी उसळली की तोही उसळे. भिकूचे डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, आणि तो एकसारखं पाणी मागत होता. आई द्यायची. नदीवरून भरून घेतलेल्या तांब्यातलं, घोट घोट. पौडच्या दवाखान्याच्या पायरीवर कंपाउंडर बाहेर आला, भिकूची पापणी वर करून पाहिली, आणि म्हणाला, "बाई, नुसतं पाणी उकळून दिलं असतंत तरी चाललं असतं." फार रागाने म्हणाला नव्हता. जेवायला निघालेल्या माणसाने सांगावं तसं. परत येताना कंदील लावावा लागला नाही, लवकरच परतले. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं सारजाबाईंच्या हातून एक तांब्या पाणी न उकळता कोणाच्या पोटात गेलेलं नाही. पाहुणे आले, उकळून. लग्नघरात माठ भरायला बोलावलं, उकळून. पोलिओचे डोस द्यायला आलेल्या पोरींना उकळून, वर वाळ्याची काडी घालून. गावाने चेष्टा केली, "सारजाकाकूकडं गेलं की चहा लवकर मिळंल, पाणी न्हाई." कोंडाजीनेही केली होती. विज्ञान शिकवणाऱ्या शाळेत नोकरी लागल्यावर तर जास्तच. आपल्या आईला एका कंपाउंडरचं एक वाक्य मिळालं आणि तिने जन्मभर तेच राबवलं. ह्या प्रदर्शनाला तर एकाहून एक शहाणे येणार, पदव्यांची अक्षरं नावापुढे न मावणारे, आणि त्यांचं काय चाललंय, तर नदीला प्रशस्तिपत्रक. कोंडाजीची कानशिलं तापली. शेजारच्या बाईने खिडकी लावून घ्या म्हटलं तेव्हा त्याने ती अधिकच उघडली.

आणि नुसतं प्रशस्तिपत्रक असतं तर तो गिळून बसलाही असता. एकतीस वर्षांत त्याने पुष्कळ गिळलं होतं. घोळ वेगळाच होता. चौथ्या नंबरची बाटली बुधाच्या वस्तीची होती. नदीकाठी अठरा घरं, डोंगरावरून खाली आलेली, बंगल्यांची बागकाम आणि धुणीभांडी करणारी. नदीच्या कडेला वाळूत खड्डा खणायचा, त्यात झिरपेल ते वाटीने भरायचं, हे त्यांचं पिण्याचं पाणी. वस्तीने नळासाठी अर्ज केलेला. नळ पाचशे हातांवर, 'निवांत'पर्यंत आलेला होता. अर्जावर नळाचे साहेब म्हणत होते, गरज सिद्ध झाली पाहिजे. आणि शाळेच्या अहवालात, पान सात, सायलीच्या टपोऱ्या अक्षरात, खाली शाळेचा शिक्का: 'नमुना क्र. ४, वस्तीचा झरा. पाणी पिण्यास योग्य.' तो कागद आज प्रदर्शनात, कॅमेऱ्यासमोर, साहेबांच्या हस्ते अर्जाच्या फाइलला लावायचा होता. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं. 'विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा शासनदरबारी स्वीकार.' गरज नाही, हे सिद्ध झालं होतं. ह्या दोन आठवड्यांत वस्तीतल्या दोन पोरांना पौडला सलाइन लावावं लागलं होतं, आणि नदी पास होती.

निषाद सर प्रदर्शनाच्या मांडवातच भेटले, गळ्यात बिल्ला, हातात फोन. पुण्याहून रोज येणारा तिशीचा पोरगा. वाईट नव्हे. कोंडाजीच्या वहीत दुरुस्तीयोग्य. कोंडाजीने त्याला खांबामागे नेलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग त्यांचं हसू ओसरलं, मग ते पुन्हा हसले, पण निराळं.

"उकळलं? चारही? मामा, तुम्ही हे मला आत्ता सांगताय? साडेदहा वाजता?"

"मला सकाळी आठला कळलं."

"ओके. ओके. हे बघा, आत्ता काही बोलू नका. पुढच्या वर्षी आपण परत सॅम्पल घेऊ, प्रॉपर प्रोटोकॉलने. आज मुलांचा दिवस आहे. सायली किती एक्सायटेड आहे बघा."

"आणि तो कागद?"

"कुठला कागद?"

"फाइलला लावायचा."

सरांनी खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा कोंडाजीला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नव्हता. "मामा, एका शाळेच्या प्रकल्पावर कोणी नळ अडवतं का? ती नुसती फॉर्मॅलिटी असते." कोंडाजीच्या मनात आलं, शाळेच्या प्रकल्पावर नळ अडत नसेल तर शाळेच्या प्रकल्पाचा कागद फाइलला लावता कशाला? पण तो परिचर होता आणि हा शिक्षक. एकतीस वर्षांत जिभेला एक वळण पडलेलं असतं. ती आधी 'बरं सर' म्हणते, मग विचार करते. "बरं सर," तो म्हणाला, आणि हिरवा कपडा टेबलावर अंथरायला गेला. कपड्याची प्रत्येक सुरकुती तळव्याने काढताना स्वतःला शिव्या देत होता, ज्या सारजाबाईंनी ऐकल्या असत्या तर त्याचंही तोंड तुरटीने धुतलं असतं.

समोरच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत बुधा बसला होता. त्याला मुद्दाम बोलावलं होतं, 'लाभार्थी' म्हणून, आणि बंगलेवाल्यांचा टी-शर्ट त्यालाही घातला होता, छातीवर 'निर्मळ नदी', आत हाडं. त्याने कोंडाजीला खूण केली.

"राम राम, मास्तर."

कोंडाजीला मास्तर म्हणणारा तालुक्यात तो एकटाच. कितीदा सांगितलं, मी शिपाई रे बाबा, बाटल्या धुतो. बुधाला फरक कळत नव्हता किंवा मान्य नव्हता. "राम राम. पोरं कशी हायेत?"

"येक घरी आलं. दुसरं हाय अजून दवाखान्यात. मास्तर, खरं सांगा, आमच्या झऱ्याचं पाणी येवढं ब्येस हाय मंग पोरांच्या पोटाला काय झालं? माझी बायकू कमळ म्हनती, तुमच्या शाळेची बाटली आमच्यापेक्षा आमच्या पोरांस्नी वळखती काय?" आणि हसला. दात काढून, चेष्टेत, जशी माणसं आपल्यापेक्षा मोठ्यांची भीत भीत चेष्टा करतात. "तुमी शिकल्याली मान्सं. तुमी म्हंता तर आसंल बी. आमी आपलं पितो."

कोंडाजी टेबलाकडे वळला. मागे सायली तक्ता लावत होती, आणि त्याने तिला जवळ बोलावून, खालच्या आवाजात, सांगून टाकलं. का सांगितलं ते त्याला कळलं नाही. कदाचित दुसऱ्या कोणाला सांगितलं तर पुन्हा 'बरं सर' म्हणावं लागलं असतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीला 'बरं सर' म्हणता येत नाही. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग कान लाल झाले. रडेल असं वाटलं, पण ती चिडली होती. त्याच्यावर.

"म्हणजे मी खोटं लिहिलं, मामा? माझ्या हाताने?"

"तुला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला होतं ना! वास आला होता. मी म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बाटली बघू काय म्हणते." तिने आजूबाजूला पाहिलं, स्केचपेनचं टोपण दातांनी काढलं, आणि तक्त्यावर जिथे मोठ्या अक्षरात 'निष्कर्ष' होतं त्याखालच्या तिन्ही ओळींवर सरळ पट्टीशिवाय रेघ मारली. काळजीपूर्वक रंगवलेल्या नदीच्या, कमळांच्या, माशांच्या चित्राखाली ती रेघ इतकी कुरूप दिसली की कोंडाजीला बरं वाटलं.

परीक्षक बाई आल्या तेव्हा निषाद सरांनी टेबलापुढे स्वतः उभं राहून तक्ता अंगाने झाकला. बाई पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातल्या, थकलेल्या, सकाळपासून सोळा ज्वालामुखी आणि नऊ ठिबक सिंचनं पाहून आलेल्या. त्यांनी चार बाटल्या उजेडात धरल्या, वाकून पाहिल्या, आणि एकच प्रश्न विचारला. नमुना घेतल्यापासून तपासेपर्यंत कुठे ठेवला होता?

"लॅबच्या फ्रीजमध्ये, मॅडम," निषाद सर म्हणाले.

फ्रीज, नग एक, प्रयोगशाळा. कोंडाजीच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली, स्वतःच्या अक्षरात, दर वर्षीची बरोबरची खूण. आपण किती वर्षं ह्या खोटेपणापुढे बरोबरची खूण करत आलो! त्या खुणांनीच तर ह्या पोराला हे वाक्य इतक्या सहज बोलायला शिकवलं होतं. जिभेचं वळण आलं, पण या वेळी ते 'बरं'च्या आधी मोडलं. "माझ्या घरी होता," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "कासार आंबोलीला. रविवारी माझ्या आईनं तो गाळला, तुरटी फिरवली आणि उकळला. चारही बाटल्या. तिला वाटलं पोरांना प्यायचंय. तपासलं ते नदीचं पाणी नाही, मॅडम. आमच्या घरचं पाणी आहे ते."

शेजारच्या ज्वालामुखीवाल्या शाळेचे सर हसले, आणि त्यांच्यामागून मांडवच हसला. परीक्षक बाईही हसल्या, चष्मा काढून डोळे पुसत. "किती गोड आहेत तुमच्या आई! खरंच. ही गोष्ट मी वर्गात सांगणार." त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं, सायलीच्या पाठीवर थोपटलं, प्रामाणिकपणाबद्दल उत्तेजनार्थ बक्षीस देऊ म्हणाल्या, आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. हसू लाटेसारखं मागच्या रांगांपर्यंत गेलं, 'म्हातारीनं नदी उकळली' असं कोणी कोणाला सांगताना ऐकू आलं, आणि कोंडाजी हिरव्या कपड्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. त्याला वाटत होतं, आपण काहीतरी भयंकर सांगितलं आहे आणि ह्या लोकांनी ते खोबऱ्याच्या वडीसारखं तोंडात टाकलं. गोड! भिकूला घोंगडीत गुंडाळून परत आणताना आई एकदाही रडली नव्हती, घरी येऊन तिने पहिलं काम केलं ते नदीचा हंडा अंगणात ओतून देण्याचं, आणि हे म्हणत होते गोड. अख्ख्या तालुक्यात त्या चार बाटल्यांकडे डोळे उघडून पाहिलं असेल तर तिने पाहिलं होतं. उजेडात धरल्या, वास घेतला, ठरवलं की हे पोरांना देण्यालायक नाही, आणि मग हात चालवले. निषाद सरांनी सूत्र लिहिलं, कोंडाजीने खूण केली, हेडसरांनी शिक्का मारला. पाहिलं तिने. आणि तिच्यावरच तो सकाळी ओरडायला निघाला होता.

बुधा हसला नव्हता. तो उठून टेबलाशी आला होता, हळू, टी-शर्ट खाली ओढत. चेष्टेचा सूर गेला होता.

"म्हंजी तुमच्या घरात उकळून पित्यात, मास्तर."

कोंडाजीने मान डोलावली.

"आमाला सांगितलं, हाय तसं प्या."

त्या दोन वाक्यांच्या मधोमध कोंडाजीची सगळी नोकरी उभी होती. तोवर वर व्यासपीठावर नाव पुकारलं जात होतं, शासनदरबारी स्वीकार, आणि निषाद सर अहवाल हातात घेऊन पायऱ्या चढत होते. म्हणजे हसून झालं तरी कागद लागणारच होता. पत्रिकेत छापलेलं होतं ना! साहेबांनी फाइल उघडली, पंच मशीनने पान सातला दोन भोकं पाडली, टॅग ओवला, फोटोवाल्याने थोडं इकडे म्हटलं, साहेब थोडे इकडे झाले, टाळ्या पडल्या. कोंडाजी पायऱ्या चढला. एकतीस वर्षांत तो व्यासपीठावर खूपदा चढला होता, पण खुर्च्या लावायला. त्याच्यामागे बुधा आला, कोणी अडवलं नाही, कारण टी-शर्ट सगळ्यांना ओळखीचा होता.

"साहेब, तो कागद काढून द्या," कोंडाजी म्हणाला. "पाणी उकळलेलं होतं. आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं मी."

साहेब त्रासले नाहीत. सवयीच्या शांतपणाने म्हणाले, "मी ऐकलं. छान किस्सा आहे. पण अहवालावर शाळेचा शिक्का आहे, आणि आता तो फाइलला लागला. लागलेला कागद काढता येत नाही. तुम्ही नव्याने तपासणी करून लेखी द्या, तोही लावू. दोन्ही कागद राहतील, मग वरून जे ठरेल ते."

"नवीन तपासणीला किती दिवस लागतील?"

"ते तुमच्या शाळेवर."

"आणि नळ?"

"ते फाइलवर."

कोंडाजीने फाइल आपल्याकडे ओढली. साहेबांना वाटलं पाहायला ओढली. त्याच्या हातांनी आयुष्यात कधी रजिस्टराचं पान फाडलं नव्हतं. शाई सांडली तरी टिपकागद लावून तो पान वाचवी. त्याने पान सात वरच्या कोपऱ्यात धरलं आणि खाली ओढलं. टॅगपाशी कागद किंचित अडला, मग दोन्ही भोकं फाटून मोकळी झाली. आवाज छोटासाच आला, पण माइक चालू होता, त्यामुळे तो मांडवभर गेला. खाली टेबलाशी सायली उभी होती, तिचं तोंड उघडं राहिलं. त्याने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. फाइलमध्ये आता वर उरला होता नुसता वस्तीचा अर्ज, जुना, पिवळा, कडा दुमडलेला.

साहेबांचा शांतपणा गेला. "हा शासकीय कागद आहे, कळतंय का? गुन्हा आहे हा. नाव काय तुमचं?"

"कोंडाजी रामभाऊ शेडगे. प्रयोगशाळा परिचर. मार्चमध्ये निवृत्त होणार. लिहून घ्या."

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या टी-शर्टकडे गेली. "आणि तू रे? तुझं नाव सांग."

बुधा पुढे झाला, वाकला, आणि फाइलमधल्या त्या पिवळ्या कागदावर, तळाशी, जिथे निळा अंगठा उमटवलेला होता तिथे बोट ठेवलं.

"हितं हाय की, सायेब. सा वरसं तुमच्यापाशीच हाय."